रिकाम्या खुर्चीची किंमत

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा. अलीकडे प्राणहिता, पलीकडे गोदावरी आणि तेलंगण. तिथून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या घरात आणि नागपूर पावणेचारशे. २०११ पर्यंत इथल्या एखाद्या मुलीला गुणपत्रिकेतले चुकलेले नाव दुरुस्त करून हवे असेल, तर कागद नागपूरला जायचा. कागद हलत नाही असे दिसले की मागोमाग तिचा बाप जायचा. एक दिवस जायला, एक दिवस खिडकीपुढे, एक दिवस परतायला. तीन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे वेगळे. 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या,' असे उत्तर मिळाले की हाच हिशेब दुप्पट.

गोंडवाना विद्यापीठ हे या हिशेबाला शोधलेले उत्तर होते. नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून ते स्थापन झाले आणि २ ऑक्टोबर २०११ पासून गडचिरोलीत कामाला लागले. विद्यापीठ म्हणजे इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा हे तर खरेच. पण सिरोंच्याच्या त्या बापाच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे एक सही. ती सही निम्म्या अंतरावर आली, एवढाच त्याचा फायदा, आणि तो लहान नव्हता.

आज बोलायचे आहे ते या सहीबद्दल. सही करणारी माणसे कोण, ती किती असावीत, त्यांच्यावर किती खर्च करावा आणि सरकारी तिजोरीत खडखडाट झाला की त्यांतली कोणती कमी करावीत? विषय रुक्ष वाटेल. घरात बारावीला बसलेले मूल असेल तर तो रुक्ष राहत नाही.

सात गोव्यांएवढा मुलूख

आधी या मुलखाचा आवाका पाहू. चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर, गडचिरोलीचे १४,४१२. दोन्ही मिळून जवळजवळ सात गोवे मावतील. तालुके पंधरा आणि बारा, एकूण सत्तावीस. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या पावणेतेहतीस लाखांच्या आसपास होती. गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे. सारा गडचिरोली जिल्हा पालथा घातला तरी गाडी पकडायला रेल्वे स्टेशन एकच, देसाईगंज म्हणजे वडसा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता पाण्याखाली जातो आणि तालुका जगापासून तुटतो. माडिया, गोंडी, मराठी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली, इतक्या भाषा बोलणारी मुले एकाच प्रश्नपत्रिकेपुढे बसतात.

या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये दोनशेच्या आसपास आहेत. वरोऱ्याला आनंदवनाच्या अंगणात वाढलेले महाविद्यालय आहे, कोळशाच्या पट्ट्यातली शहरी महाविद्यालये आहेत आणि एका इमारतीत, मोजक्या शिक्षकांवर चालणारी जंगलातली महाविद्यालयेही आहेत. पुण्या-मुंबईत प्राचार्यांना अडचण आली तर ते रिक्षा करून विद्यापीठात जातात. इथे प्राचार्य पहाटेची बस पकडतात, आणि तिथे पोचल्यावर ज्यांना भेटायचे ते दुसऱ्या कार्यभारावर दुसऱ्या गावी गेलेले असतील, तर मुक्काम करतात.

पुण्याच्या मापाचा अंगरखा

विद्यापीठाच्या वरिष्ठ पदांची रचना कायद्याने ठरते. आपल्याकडे १९९४ चा कायदा होता. पुढे डॉ. अरुण निगवेकर, डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या समित्यांनी उच्च शिक्षणाचा विचार केला, बरीच चर्चा झाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा नवा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. या कायद्याने वरचा मजला बराचसा नव्याने बांधला. प्र-कुलगुरू हे पद प्रत्येक विद्यापीठाला आले आणि त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधली गेली. अधिष्ठाते पूर्वी निवडून येत. आता ते निवड समितीमार्फत नेमायचे, पूर्णवेळ आणि पगारी. विद्याशाखा चार: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय. त्याशिवाय कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी, आणि विद्यार्थी विकास, क्रीडा, आजीवन अध्ययन, नवोपक्रम वगैरेंचे संचालक.

हेतू चांगला होता. निवडणुकीच्या राजकारणातून अधिष्ठातापद बाहेर काढावे, कामाला पूर्णवेळ माणूस मिळावा, हे कोणीही मान्य करील. अडचण मापाची आहे. दीर्घ परंपरा, मोठे परिसर आणि भरपूर विभाग असलेल्या मुंबई-पुण्याला जो अंगरखा शिवला, तोच पाच-सहा वर्षांच्या गोंडवानाला घातला गेला. पदव्युत्तर विभाग मोजके आणि पदांची उतरंड तीच. अंगरखा ढगळ झाला की माणूस बाह्या दुमडतो. इथे बाह्या दुमडण्यासाठी एक शब्द आहे: 'प्रभारी'.

प्रभारींची साखळी

कायदा वरून पदे वाढवीत होता, त्याच काळात वित्त विभाग खालून पदे गोठवीत होता. २०१७ मध्ये आकृतिबंध नव्याने ठरेपर्यंत भरती थांबवण्यात आली. २०१८ च्या अखेरीस महाविद्यालयांतल्या रिक्त शिक्षकपदांपैकी ४० टक्के भरायला परवानगी मिळाली. ती प्रक्रिया रडतखडत चालू असतानाच कोरोना आला. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकासकामांची तरतूद ३३ टक्क्यांवर आणली आणि आरोग्याशी संबंधित विभाग वगळता नवी भरती बंद केली. तिजोरीची अवस्था पाहता त्या दिवसांत दुसरे काही करणे कठीण होते. पण अशा निर्णयाचा भार सगळीकडे सारखा पडत नाही. जुन्या विद्यापीठात भरलेली पदे गोठतात. नव्या विद्यापीठात मुळात न भरलेली पदे गोठतात.

त्याच सप्टेंबरात गोंडवानाचे कुलगुरू डॉ. नामदेव कल्याणकर यांची मुदत संपली. पुढचे पूर्णवेळ कुलगुरू डॉ. प्रशांत बोकारे २०२१ मध्ये आले. मधल्या काळात अतिरिक्त कार्यभार डॉ. श्रीनिवास वरखेडी यांच्याकडे होता. ते होते रामटेकच्या कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाचे कुलगुरू. रामटेक नागपूरच्या ईशान्येला, गडचिरोली नागपूरच्या आग्नेयेला. तो काळही असा, की २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असे सांगितले होते, आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडी चढावी लागते अशा गावांतल्या मुलांची परीक्षा ऑनलाइन कशी घ्यायची, हा प्रश्न विद्यापीठापुढे उभा होता. संस्थेच्या आयुष्यातला हा अवघड काळ आणि तिच्या सर्वोच्च खुर्चीचा पाहुणेपणा एकाच वेळी आले.

२०२४ मध्ये साखळी उलटी फिरली. नागपूर विद्यापीठात पूर्णवेळ कुलगुरू कामावर नसल्याची वेळ आली, तेव्हा तिथला अतिरिक्त कार्यभार गोंडवानाच्या कुलगुरूंकडे, डॉ. बोकारे यांच्याकडे देण्यात आला. १९२३ साली जन्मलेले, नुकतीच शंभरी ओलांडलेले थोरले घर आणि त्यातून वेगळे निघालेले धाकटे घर, दोन्हींचा कारभार एका माणसाने पाहायचा. पुढे नागपूरचा तोच कार्यभार विभागीय आयुक्तांकडे गेला. आयुक्तांना आधीच सहा जिल्ह्यांचा महसूल, निवडणुका आणि पूर-दुष्काळ पाहायचे असतात.

या व्यक्तींच्या कर्तबगारीबद्दल इथे काही म्हणायचे नाही. दोन जबाबदाऱ्या एका खांद्यावर पेलणाऱ्याचे आपण आभारच मानायला हवेत. हेही खरे, की कुलगुरूंच्या रिकाम्या खुर्चीमागचे कारण पैशांची टंचाई नसते. निवड वेळेत होत नाही, हे असते. खालची पदे मात्र भरतीबंदीने अडतात. कारणे वेगळी, परिणाम एकच: विद्यापीठात ज्याला निर्णय घ्यायचा आहे, तो निर्णय घेण्यापुरताच तिथला असतो.

दरम्यान मुंबईत चर्चा कशाची होती? डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती मंजूर केली आणि तिच्यात उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांसाठी 'प्र-कुलपती' असे नवे पद काढले. त्यावरून बरेच रण पेटले. राज्यपालांची संमती मिळाली नाही आणि सरकार बदलल्यावर ती दुरुस्ती मागे घेतली गेली. कुलपती मोठे की मंत्री मोठे, यावर वर्षभर वाद चालला. गडचिरोलीत कोणत्या टेबलामागे पूर्णवेळ माणूस आहे आणि कोणत्या टेबलामागे नाही, यावर सभागृहात अर्धा दिवस चर्चा झाली असती तर बरे झाले असते.

दोन किल्ल्यांची तिजोरी

माझे आयुष्य बँकेत गेले, म्हणून तिथला एक दाखला देतो. कुठल्याही शाखेतल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. यात कोणावर अविश्वास नसतो. उलट, दोघांनाही रात्री शांत झोप लागावी म्हणून ही सोय आहे. माणसे कमी आहेत म्हणून दोन्ही किल्ल्या एकाकडे द्या, असे म्हटले तर एका पगाराची बचत होईल, पण तिजोरी आता एका किल्लीची झाली, हे कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही.

विद्यापीठातही अशाच किल्ल्या आहेत. परीक्षेचा खर्च परीक्षा संचालक सुचवतात, वित्त व लेखा अधिकारी तो तपासतात, कुलसचिव नियमात बसवतात. तिघे तीन असतात म्हणूनच एखादा प्रश्न विचारला जातो. यांतली दोन पदे एकाच माणसाकडे गेली की तो स्वतःलाच पत्र लिहितो आणि स्वतःच त्याला मान्यता देतो. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात एखादा नट दोन भूमिका करतो, लोक कौतुकही करतात. पण दोन्ही पात्रे एकाच प्रवेशात समोरासमोर यायची असली की पंचाईत होते. कुलसचिव आणि वित्ताधिकारी ही तशी पात्रे आहेत.

बँकेचाच दुसरा दाखला अंतराचा. एके काळी इथे 'चंद्रपूर-गडचिरोली ग्रामीण बँक' होती. खर्च वाचावा म्हणून ग्रामीण बँकांची एकामागून एक विलीनीकरणे झाली, नावे बदलली आणि १ मे २०२५ पासून साऱ्या राज्याची मिळून एकच ग्रामीण बँक झाली. तिचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. मोठ्या बँकेचे फायदे असतात, ते नाकारायचे नाहीत. पण शाखाधिकाऱ्याच्या मर्यादेबाहेरचे कर्ज मागणारा सिरोंच्याचा शेतकरी, आणि त्यावर शेवटची सही करणारा अधिकारी, यांच्यातले अंतर वाढले. गावातली पाटी तशीच राहिली तरी निर्णय दूर जाऊ शकतो, हे यातून घ्यायचे.

थंड मुलखातली दोन उदाहरणे

हे दुखणे आपल्यापुरते नाही. अमेरिकेतले अलास्का हे राज्य विस्ताराने प्रचंड, लोकवस्ती साडेसात लाखांच्या आत. अरण्य, बर्फ आणि दूरदूर विखुरलेली आदिवासी गावे. तिथल्या सरकारी विद्यापीठ व्यवस्थेत तीन विद्यापीठे आहेत, प्रत्येकाचे प्रमुख वेगळे, आणि सर्वांवर एक अध्यक्ष. २०१९ च्या जूनमध्ये तिथल्या गव्हर्नरांनी या व्यवस्थेच्या अनुदानातून सुमारे तेरा कोटी डॉलर एका फटक्यात छाटले. कपात राज्याच्या अनुदानाच्या चाळीस टक्क्यांच्या घरात गेली. जुलैत नियामक मंडळाने आर्थिक आणीबाणी जाहीर केली आणि तीन विद्यापीठांचे एकच करावे, म्हणजे वरची पदे वाचतील, असा विचार पुढे आला. प्राध्यापक, विद्यार्थी, गावकरी बोलू लागले. ऑगस्टमध्ये तडजोड झाली: तीन वर्षांत मिळून सात कोटींची कपात. एकत्रीकरणाचा विचारही पुढे बाजूला ठेवला गेला. कपात टळली नाही, पण तिच्यावर भर सभेत भांडण झाले.

दुसरे उदाहरण पेनसिल्व्हेनियाचे. विद्यार्थी घटत होते, पैसा घटत होता. तिथे सहा सरकारी विद्यापीठांची दोन करण्यात आली. तीन परिसर मिळून एक प्रमुख, एक वरिष्ठ अधिकारी मंडळ. यासाठी २०२० मध्ये कायदा झाला, योजना छापून लोकांपुढे ठेवली, हरकती-सूचनांसाठी साठ दिवस दिले, जुलै २०२१ मध्ये निर्णय झाला आणि जुलै २०२२ पासून अंमल. हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर तिथेही मतभेद आहेत. पण उद्या त्याचे वाईट परिणाम दिसले, तर कोणाला जाब विचारायचा हे तिथल्या नागरिकाला ठाऊक आहे.

आपल्याकडची कपात मात्र बोलत नाही. 'हे पद आम्ही रद्द करीत आहोत,' असे कोणी म्हणत नाही. पद कागदावर असते, पाटीवर असते, खुर्चीवर कोणी नसते. म्हणजे वरिष्ठ पदांची फेररचना आपल्याकडेही झालेली आहे, फक्त ती कोणी केली हे सांगता येत नाही. माणूस निवृत्त झाला तसतशी ती आपोआप होत गेली.

सही कुठे हवी?

यावर एक रास्त आक्षेप येईल. वर्गात शिकवायला शिक्षक नाहीत, तासिका तत्त्वावरच्या तरुणांवर महाविद्यालये चालली आहेत, आणि तुम्ही साहेबांच्या खुर्च्यांची काळजी करता? आक्षेप खरा आहे. मर्यादित पैशातून शिक्षक की संचालक असे विचारले तर माझे मतही शिक्षकाकडे जाईल. म्हणूनच सगळी वरिष्ठ पदे भरा, असे मी म्हणत नाही. कोणती जोडायची आणि कोणती कधीच जोडायची नाहीत हे ठरवा, आणि ते उघडपणे ठरवा, एवढेच म्हणणे आहे.

विभाग मोजके असताना चार विद्याशाखांना चार पूर्णवेळ अधिष्ठाते हवेतच का, हे तपासता येईल. आजीवन अध्ययन आणि विद्यार्थी विकास यांना एक संचालक चालू शकेल. लहान विद्यापीठांसाठी कायद्यातच तशी सोय करावी, मुदत घालावी, आणि विद्यापीठ वाढले की पदे सुटी करावीत. उलट कुलसचिव, वित्त आणि परीक्षा ही तीन पदे कोणत्याही भरतीबंदीतून वगळावीत. २०२० मध्ये आरोग्याची पदे वगळली, कारण तिथे खंड चालत नाही. परीक्षेत तरी कुठे चालतो? निकाल दोन महिने लांबला तर पुण्याच्या मुलाची एक संधी हुकते. एटापल्लीच्या मुलीचे शिक्षणच थांबते, कारण तोवर घरी लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

प्रभारीपणाला मुदतही हवी. प्रभारी कुलगुरूला बारा महिन्यांची मर्यादा कायद्यात आहे. ती इतर पदांनाही लावावी. आणि कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असते, तेव्हा ती कधी संपणार हे नेमणुकीच्या दिवशीच कळलेले असते. लग्नाची तारीख वर्षभर आधी ठरलेली असून अक्षता पडताना हॉल शोधायला निघणाऱ्या घराला आपण काय म्हणतो?

शेवटचा मुद्दा जागेचा. वरिष्ठ अधिकारी सगळे गडचिरोलीतच का बसावेत? कायद्यात उपपरिसराची आणि त्याच्या संचालकाची तरतूद आहे. दक्षिणेकडे अहेरी-आलापल्लीच्या भागात सहीचा पूर्ण अधिकार असलेला एक वरिष्ठ अधिकारी कायम बसला, तर सिरोंचा, भामरागड, एटापल्ली आणि मुलचेरा या तालुक्यांचे निम्मे हेलपाटे वाचतील. पद नवे नको, खर्च फार नको. एक टेबल हलवायचे आणि त्याच्याबरोबर अधिकारही हलवायचा.

जवळचे विद्यापीठ काय करू शकते याची झलक याच विद्यापीठाने दाखवली आहे. 'विद्यापीठ आपल्या गावात' या उपक्रमात पदवीचे वर्ग गावात नेण्याचा प्रयत्न झाला. ग्रामसभांसाठी प्रशिक्षण सुरू झाले. ज्या जिल्ह्यात मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली, तिथे विद्यापीठाने ग्रामसभेचा हिशेब आणि जंगलाचे व्यवस्थापन शिकवावे, यापेक्षा योग्य काय असेल? नागपूरच्या कचेरीत बसून हे सुचणे कठीण होते. पण असे उपक्रम चार वर्षे, दहा वर्षे चिकाटीने चालवावे लागतात. उद्या आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो माणूस दहा वर्षांचे झाड लावीत नाही, कुंडी ठेवतो.

येत्या जूनमध्ये तुमच्या घरातले मूल प्रवेशाचा अर्ज भरील तेव्हा आपण शुल्क पाहू, वसतिगृह पाहू, निकालाची टक्केवारी पाहू. जमल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांची यादी काढावी आणि किती नावांपुढे 'प्रभारी' लिहिले आहे ते मोजावे. आकडा मोठा निघाला तर आपल्या आमदारांना, अधिसभेवरच्या पदवीधर प्रतिनिधींना त्याचे कारण विचारावे. पदवीधर म्हणून अधिसभेसाठी मत देण्याचा हक्क आपल्याला आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी नावसुद्धा नोंदवलेले नसते. सिरोंच्याच्या बापाला दोनशे किलोमीटर येऊन हे विचारणे जमणार नाही. ज्यांना जमण्यासारखे आहे, त्यांनी तरी विचारावे.